वहीतील चाल आणि पेटीतील पट्टी

गाण्यांची वही नाही असे घर आमच्या समाजात विरळाच. भायखळ्याहून, ठाण्याहून, पनवेलीहून, अलिबागेहून जी कुटुंबे इस्राएलास आली, त्यांच्या ट्रंकांतून सिद्दूर आणि हाग्गादा यांच्या जोडीने ही वहीही आली. तिची पाने पिवळी पडली, पुठ्ठा सुटला, कुठे नारळाच्या दुधाचा तर कुठे तेलाचा डाग पडला; पण मलिद्याच्या दिवशी ती कपाटातून निघतेच. या वहीत प्रत्येक पदाच्या माथ्यावर एक बारीकशी ओळ असते. प्रथम 'चाल' हा शब्द, पुढे एखाद्या प्रसिद्ध पदाचे नाव, कधी राग, कधी ताल. लिहिणाऱ्याने स्वरलिपी काढली नाही. त्याने एवढेच सांगून ठेवले की, हे पद अमुक पदासारखे म्हणावे. संगीत नाटकांच्या पद्यावल्यांत ही रीत रूढ होती, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत आपल्या वडीलधाऱ्यांनी बायबलातील कथांवर मराठी कीर्तने रचली, तेव्हा त्यांनीही तीच रीत उचलली. आमच्या मते वहीतील सर्वांत मोलाची ओळ ती हीच, आणि सर्वांत नाजूकही तीच. असे का, ते पुढे सांगू.

आम्ही पेशाने शिक्षक. डी. एड. होऊन ठाण्यात काही वर्षे आणि नंतर इस्राएलात काही वर्षे मुलांना शिकविले, आणि आता कुटुंबाच्या नोकरीपायी उत्तर जर्मनीतील हानोफर या शहरी राहतो. येथे आपली घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मराठी कुटुंबे मात्र पुष्कळ. दिवाळीचा कार्यक्रम असो, गुढीपाडवा असो, आपला हनुक्का असो की कोणाकडे मलिदा असो, पेटी वाजविण्याचे काम आमच्याकडे येते. पेटी म्हणजे आता हार्मोनियम नव्हे, तर अरेंजर कीबोर्ड. इस्राएलातील नातलगांकडेही अशी वाद्ये दिसतात. मुलासाठी हौसेने घेतलेली, आणि बहुधा कापडाखाली झाकून ठेवलेली. "एका संध्याकाळी तुम्ही तीसचाळीस गाणी कशी सांभाळता?" असे अनेकांनी विचारले, म्हणून हा लेखप्रपंच.

ज्यांना हे वाद्य ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. उजव्या हाताने चाल वाजवावयाची, डाव्या हाताने स्वरसंघ दाबावयाचा. ढोलकी, तबला, बास, गिटार ही साथ यंत्र स्वतः पुरविते, आणि डावा हात बदलला की साथही बदलते. जर्मनीत लग्नास वा गावच्या जत्रेस एकटाच वादक येऊन सारी रात्र रंगवितो. त्यास येथे 'आलाइनउंटरहाल्टर' म्हणतात, म्हणजे एकट्याने सर्वांची करमणूक करणारा. या देशास घरगुती इलेक्ट्रॉनिक वाद्यांचे वेडच आहे. १९७० च्या दशकात हुन्सरूक भागातील हाल्सेनबाख गावची वेर्सी कंपनी आणि मिंडेनची डॉ. ब्योम ही कंपनी ऑर्गनचे सुटे भाग विकत असे आणि गृहस्थ लोक संध्याकाळी घरी बसून डाग देऊन आपले वाद्य आपणच जोडीत.

या वाद्यावरील सर्वांत कामाची सोय म्हणजे 'रजिस्ट्रेशन'. हा शब्द ऑर्गनवरून आला. मोठ्या ऑर्गनास नळ्यांचे निरनिराळे संच असतात, त्यांस 'रजिस्टर' म्हणतात. कोणते संच उघडावे आणि कोणते मिटावे हे ठरविणे म्हणजे रजिस्ट्रेशन. पूर्वी वादकाच्या शेजारी एक मदतनीस उभा राहून हे खुंटे ओढी. पुढे ठरविलेली जुळणी एका बटणावर साठवून ठेवण्याची यंत्रणा निघाली. तिला जर्मनीत 'झेट्सर' म्हणतात. आपल्या कीबोर्डाने तीच युक्ती घेतली. आमच्या वाद्यावर अशी आठ बटणे आहेत. एका बटणात आवाज, ताल, लय, पट्टी, प्रत्येक वाद्याचा लहानमोठेपणा, सारे एकत्र बसते. वहीच्या माथ्यावरील 'चाल, राग, ताल' ही ओळ, आणि तिच्यात गाणाऱ्याची पट्टी मिळविली, की झाले रजिस्ट्रेशन!

आता आमची मांडणी सांगतो. पहिला नियम, एक गाणे म्हणजे एक संच. आठही बटणे एकाच गाण्यास द्यावी. पहिल्या बटणावर नुसता तानपुऱ्यासारखा सूर, दुसऱ्यावर ध्रुवपद, तिसऱ्यावर अंतरा, चौथ्यावर मधला वाद्यमेळ, याप्रमाणे. आठवे बटण आम्ही सर्व गाण्यांत सारखेच ठेवतो. त्यावर ताल बंद आणि केवळ सूर चालू. गाणारा कडवे विसरला, मध्येच कोणी भाषणास उभे राहिले, वीज गेली आणि आली, तरी बोट आठव्या बटणावर गेले की कार्यक्रम सावरतो. आठ गाण्यांस आठ बटणे देणारे वादकही आहेत. परंतु यजमानांनी ऐन वेळी गाण्यांचा क्रम बदलला की त्यांची तारांबळ उडते. क्रम बदलणे हा तर आपल्या समारंभांचा धर्मच आहे!

दुसरा नियम नावांचा. आमच्या वाद्यास देवनागरी येत नाही. रोमन लिपीत लिहावे तर एलियाहू हे एकच नाव तीन जण तीन प्रकारे लिहितात, आणि मग ते यादीत सापडत नाही. म्हणून आम्ही आधी प्रसंगाचा आकडा घालतो. मलिदा एक, हनुक्का दोन, लग्न आणि मेंदी तीन, मराठी मंडळ चार. त्यापुढे गाण्याचे नाव आणि शेवटी पट्टी. नाव कसेही लिहिले असो, आकड्यामुळे गाणे आपल्या घरी राहते.

तिसरा नियम पट्टीचा, आणि तो जर्मनीत राहणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावा. इंग्रजी पद्धतीत ज्यास 'बी' म्हणतात, म्हणजे आपली पांढरी सात, तिला जर्मन लोक 'हा' म्हणतात. त्यांची 'बे' म्हणजे तिच्या अलीकडची काळी पट्टी, आपली काळी पाच. येथील व्हायोलिनवाल्यास कागद द्यावयाचा तर हे नीट लिहिले पाहिजे, नाही तर गाणारा एका घरात आणि व्हायोलिन शेजारच्या घरात! पट्टी रजिस्ट्रेशनमध्ये साठविता येते. त्यामुळे बोटे ओळखीच्या जागी राहतात आणि यंत्र स्वतः चढते वा उतरते. एकच गाणे दोन जण गाणार असतील तर दोघांच्या पट्ट्या दोन निराळ्या बटणांवर ठेवाव्या.

चौथी गोष्ट साथीची. यंत्रातील आयती साथ पाश्चात्य स्वरसंघांवर बेतलेली असते. आपल्या पदांतील पुष्कळ चाली रागाच्या अंगाने जातात. त्यांखाली मोठा किंवा लहान स्वरसंघ आला की गंधार बोचू लागतो. यावर उपाय सोपा आहे. डाव्या हाताने गंधार वगळून षड्ज आणि पंचम एवढेच दाबावे. अनेक अरेंजर वाद्ये ही जोडी ओळखतात आणि साथीतूनही गंधार गाळतात. दादरा, केरवा ही सहा आणि आठ मात्रांची मंडळी यंत्राच्या आयत्या तालांशी सहज जुळतात. सात मात्रांच्या रूपकास वा दहा मात्रांच्या झपतालास मात्र यंत्राची साथ बंद करून तबलजीस बोलावणे बरे.

पाचवी गोष्ट यादीची. कार्यक्रमाचा क्रम निराळ्या यादीत लिहिता येतो. ही यादी गाणी आपल्या पोटात ठेवीत नाही, नुसते बोट दाखविते. अमुक संच अमुक ठिकाणी आहे, एवढेच तिला ठाऊक. म्हणून दिवाळीची यादी आणि हनुक्काची यादी एकाच संचाकडे बोट दाखवू शकतात, आणि गाणे एकदाच दुरुस्त केले की दोन्हीकडे सुधारते. परंतु संच दुसऱ्या कप्प्यात हलविला, की यादीत नाव दिसते आणि बटण दाबल्यावर काहीच येत नाही. आमच्या ओळखीच्या एका वादकावर भर मंडपात हा प्रसंग आला. नावे बावीस, गाणी शून्य. म्हणून सर्व सामग्रीची नक्कल दोन निरनिराळ्या पेन ड्राइव्हवर आणि क्रम साध्या कागदावर, ही आमची शिस्त आहे. कागद येथे आणखीही एका कामी येतो. सार्वजनिक कार्यक्रमात वाजविलेल्या गाण्यांची नोंद यजमानांना 'गेमा' या संगीतहक्कांच्या संस्थेस द्यावी लागते, आणि गाण्यापुढे संगीतकाराचे नाव लागते. श्रीनिवास खळे, वसंत प्रभू, सुधीर फडके ही नावे लिहिताना हात थांबत नाही. आपल्या मलिद्याच्या पदांपुढे मात्र 'पारंपरिक' एवढेच लिहून पेन थांबते.

ते पेन जेथे थांबते, तेथूनच आमच्या मूळ मुद्द्यास आरंभ होतो.

२०२२ च्या हनुक्कात दिमोनाहून एक वृद्ध बाई आपल्या नातीकडे येथे आल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी. तरुण मंडळी त्यांना आजी म्हणत, आम्ही मावशी म्हणू लागलो. त्यांच्या पिशवीत त्यांच्या आईची वही होती. वहीत कीर्तनातील नऊ पदे अशी निघाली की ती आम्ही कोठेच ऐकली नव्हती. माथ्यावर नियमाप्रमाणे 'चाल' लिहिलेली; परंतु ज्या पदांची नावे तेथे होती ती पदेही आम्हांस ठाऊक नव्हती. येथील मराठी जाणकारांस विचारले, ठाण्यास दूरध्वनी केला, उपयोग झाला नाही. ओळ जागेवर होती. तिने बोट जिकडे दाखविले तिकडे काही उरले नव्हते. हलविलेल्या संचाच्या यादीची गोष्ट आम्ही वर सांगितली, तीच ही. त्या नऊ चाली आता एकाच ठिकाणी होत्या, मावशींच्या गळ्यात.

पहिल्या दिवशी आम्ही दादरा लावून साथ धरली. मावशी दोन ओळी गाऊन थांबल्या. म्हणाल्या, "बाळा, तुझी पेटी मला ढकलते आहे. मी म्हातारी माणूस, मला ओढीत नेऊ नको." आम्ही आठवे बटण दाबले. ताल थांबला, षड्ज-पंचम उरला. पट्टी पांढरी पाचपर्यंत उतरविली, तेव्हा त्यांचा गळा मोकळा झाला. त्या कोठे रेंगाळत, कोठे एक शब्द चटकन उचलीत. कडव्यागणिक लय निराळी. यंत्राच्या मोजमापात ती बसणारी नव्हती आणि बसविण्याची गरजही नव्हती. पाच दुपारी बसून नऊ पदे झाली. शाब्बाथच्या दिवशी वाद्यास हात लावला नाही; त्या दिवशी त्या केवळ शब्दांचे अर्थ सांगत.

या कामी एक जुना धडा आम्हांस उपयोगी पडला, आणि तो याच शहरातला आहे. तबकडीचा ग्रामोफोन काढणारे एमिल बर्लिनर हे १८५१ साली हानोफर येथे एका यहुदी कुटुंबात जन्मले आणि १८७० साली अमेरिकेस गेले. १८८७ साली त्यांनी तबकडीच्या यंत्राचा हक्क मागितला. १८९८ साली त्यांनी आणि त्यांच्या भावाने हानोफर येथेच डॉइच ग्रामोफोन ही कंपनी स्थापिली. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा त्या तबकड्या छापावयास येथेच पाठविल्या गेल्या. गाणे संपताच त्या आपले नाव इंग्रजीत उच्चारीत. सातासमुद्रांपलीकडच्या कारागिरांनी कोणती तबकडी कोणाची हे ओळखावे, म्हणून ही योजना, असे सांगतात. नाव गाण्याच्या पोटातच असले म्हणजे चिठ्ठी गळून पडली तरी ते हरवत नाही. आम्ही मावशींना तसेच करावयास सांगितले. प्रत्येक पदाच्या अखेरीस आपले नाव, आपले गाव आणि पद कोणाकडून शिकले ते नाव सांगा. त्या प्रथम लाजल्या, मग सांगू लागल्या. चौथ्या पदानंतर आईचे नाव घेताना त्या क्षणभर थांबल्या. ते थांबणेही मुद्रणात आहे.

२०२४ साली मावशी दिमोना येथे निवर्तल्या.

२०२५ च्या हनुक्कास येथील मुलांनी त्यांतील एक पद म्हणावे असे ठरले. मुलांचे गळे उंच, त्यांना पांढरी पाच कशी झेपणार? मावशींसाठी पाच अर्धस्वर उतरविलेले वाद्य पुन्हा शून्यावर आणले आणि पट्टी पांढरी एक झाली. मुलांना ताल हवा होता, म्हणून दादरा घातला. लय बांधली गेली, मावशींचे रेंगाळणे गेले. साठविताना यंत्राने विचारले, या नावाचा संच आधीच आहे, त्यावरच लिहू का? प्रश्न यंत्राचा, पण आम्ही बराच वेळ त्यापुढे बसून राहिलो. एक पालक म्हणाले की जुना सूर कोण वाजविणार, जागा कशास अडवावी? दुसरे म्हणाले की ढोलकी लावलेले पद आपले उरतच नाही, मुलांना ते शिकवूच नये.

दोघांचेही बोलणे आम्हांस पटले नाही. दुसऱ्या गृहस्थांना आम्ही या भागाचा इतिहास सांगितला. येथून फार दूर नसलेल्या झेसेन या गावी १८१० साली इस्राएल याकोबसन यांनी आपल्या प्रार्थनामंदिरात ऑर्गन बसविला. १८१८ साली हांबुर्गच्या मंदिरातही तो आला आणि मोठा वाद माजला. शाब्बाथास वाद्य वाजवावे काय, हे चर्चचे अनुकरण नव्हे काय, असे प्रश्न निघाले. ते प्रश्न खरे होते, आणि पुष्कळ मंडळ्यांनी ऑर्गनास नकारच दिला. तरी त्याच ऑर्गनासाठी बर्लिनच्या लुई लेवांडोव्स्की यांनी जी स्तोत्रे बसविली, ती आज अनेकांस आपली परंपरा वाटतात. १९३८ च्या नोव्हेंबरात हानोफरची भव्य सिनेगॉग जाळण्यात आली. देशभर प्रार्थनामंदिरे गेली आणि त्यांतील ऑर्गनही गेले. तरी तेथली स्तोत्रे उरली, कारण ती कागदावर होती आणि माणसांच्या तोंडी होती. बर्लिनच्या पेस्टालोझी रस्त्यावरील सिनेगॉगमध्ये ती आजही ऑर्गनसह गायिली जातात, आणि आमच्या शहरात झेलिगमान वाड्यात २०१२ पासून यहुदी संगीताचे घर नांदते आहे. आपल्या हार्मोनियमचेही तसेच. युरोपातून आलेली ही पेटी १९४० साली ऑल इंडिया रेडिओने परकी म्हणून वर्ज्य केली, ती १९७१ पर्यंत; आणि आपल्या आज्यांना तर पेटीवाचून कीर्तन ठाऊकच नव्हते! मुलांनी ढोलकीवर म्हटले म्हणून पद परके होत नाही. ते कोणीच म्हटले नाही तरच ते जाते.

परंतु पहिल्या गृहस्थांचे म्हणणेही तितकेच चुकीचे. मुलांचा दादरा हा एक अर्थ झाला. मूळ त्याखाली असले पाहिजे. वहीत नवे लिहिताना जुने खोडत नाहीत, पुढचे पान घेतात. यंत्र मात्र सवयीनेच जुन्यावर नवे लिहू पाहते, आणि लिहिल्यावर खालचे पुन्हा वाचता येत नाही. म्हणून आम्ही यंत्रास 'नाही' असे उत्तर दिले. मुलांच्या संचास निराळे नाव दिले आणि मावशींचा संच होता तसाच ठेवला. पांढरी पाच, ताल बंद, षड्ज-पंचम, आणि नावात त्यांचे गाव. मुलांना पद शिकविताना प्रथम तो ऐकविला. एका मुलीने विचारले, "या आजी मध्येच थांबतात का?" आम्ही म्हणालो, "तू मोठी झालीस की तूच ठरव, तेथे थांबावे की नाही." ठरविण्यासाठी दोन्ही तिच्या हाती असावेत, एवढीच आमची धडपड.

वाचक बंधुभगिनींना आमची विनंती आहे. यासाठी कीबोर्ड हवा असे मुळीच नाही. आपल्या घरची वही काढा आणि पदांच्या माथ्यावरील 'चाल' ही ओळ वाचा. तेथे नाव लिहिलेले मूळ पद घरात कोणास म्हणता येते का, ते विचारा. ज्या पदाचे येत नाही, त्यावर पेन्सिलीने खूण करा. मग घरातील जी वडील व्यक्ती ते खुणेचे पद म्हणू शकेल तिला बसवा, साथ लावू नका, घाई करू नका, आणि खिशातील फोनवर ते उतरवून घ्या. शेवटी त्यांना आपले नाव, गाव आणि शिकविणाऱ्याचे नाव सांगावयास लावा. नक्कल दोन ठिकाणी ठेवा.

हे काम पेसाहची साफसफाई होईपर्यंत लांबवू नये. येत्या आठवड्यातच करावे. अर्थात शाब्बाथ सरल्यावर, हाव्दाला करून.